सीमा ओलांडणारं स्वयंपाकघर

प्रागहून बर्लिनला जाणाऱ्या गाडीत चढले की सामान वर टाकायचं आणि थेट डायनिंग कार गाठायची, ही माझी ड्रेस्डेनला राहायला आल्यापासूनची सवय. प्राग ते ड्रेस्डेन साधारण सव्वादोन तास लागतात. निवांत जेवायला तेवढे पुरतात.

या गाड्यांमधलं जेवणखाण 'जेएलव्ही' ही चेक कंपनी सांभाळते. युरोपातल्या पुष्कळ गाड्यांत बाहेरून शिजवून आणलेलं अन्न नुसतं गरम करून देतात. इथे मात्र डब्यात अरुंद का होईना, खरं स्वयंपाकघर आहे. श्नित्झेल मागवलं की आतून मांस ठोकल्याचा आवाज येतो आणि थोड्या वेळाने तळणीचा वास. पिलझनची बिअर बाटलीतून नाही, नळातून थेट काचेच्या ग्लासात येते. 'स्विचकोवा' हा इथला मानाचा पदार्थ : मुळांच्या भाज्या आणि सायीच्या दाट रश्शात गोमांसाचे काप, वर लिंबाची चकती, क्रॅनबेरीचा मुरंबा आणि सोबत रस्सा टिपायला 'क्नेदलिक' नावाचे मऊ, उकडलेले काप.

आई-बाबा आले होते तेव्हा प्रश्न पडला, कारण दोघंही शाकाहारी. त्यांच्यासाठी तळलेलं चीज मागवलं. पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला चीजचा जाड तुकडा आणि उकडलेले बटाटे. सोबतचा टार्टर सॉस वेगळा ठेवायला सांगितला. आईने पर्समधून लिंबाचं लोणचं काढलं आणि दोघांनी ताटं चाटूनपुसून साफ केली.

चेक हद्दीतलं डेचिन स्टेशन सोडलं की एल्बे नदीकाठाने गाडी जर्मनीत शिरते. उजव्या हाताला नदी आणि पलीकडे वालुकाश्माचे उभे कडे. 2024च्या सप्टेंबरपासून जर्मनीने आपल्या सगळ्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. त्यामुळे पासपोर्ट टेबलावर हाताशी ठेवावा. मी पाहिलेल्या मेन्यूकार्डावर प्रत्येक पदार्थापुढे दोन दर होते, चेक हद्दीतला कमी आणि बाहेरचा जास्त. मला वाटायचं, हा कराचा फरक असणार. पण युरोपीय संघातल्या प्रवासात गाडीतल्या जेवणावर कर लागतो तो गाडी जिथून सुटली त्या देशाचा. मध्ये सीमा आली म्हणून तो बदलत नाही. म्हणजे दोन दर हा निव्वळ धंद्याचा हिशेब. जाणकार चेक प्रवासी प्राग सुटताच ऑर्डर देऊन मोकळे होतात.

एकच डबा, तीच माणसं आणि तेच स्वयंपाकघर घेऊन अनेक देश पार करायचे, ही कल्पना रुजवली बेल्जियमच्या जॉर्ज नागेलमाकर्स यांनी. त्यांच्या कंपनीची ओरिएंट एक्स्प्रेस 1883मध्ये पॅरिसहून निघाली ती डायनिंग कार जोडूनच. डायनिंग कार येण्याआधी गाडी स्टेशनात थांबली की प्रवासी धावत उपाहारगृहात जायचे आणि घाईघाईने चार घास गिळून परतायचे.

आपल्याकडे हे सुख पुण्या-मुंबईच्या माणसाला वेगळं सांगायला नको. 1930मध्ये सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला आजही डायनिंग कार आहे. 2022मध्ये सगळे डबे नवे आले तेव्हाही ती टिकली. तिथल्या टेबलावर अनोळखी माणसाशी जशा सहज गप्पा सुरू होतात, तशाच त्या इथेही होतात. जागेवर पुडकं उघडून खाणाऱ्याला हे मिळत नाही.

डायनिंग कार रेल्वेला महाग पडते, हे खरं. त्या डब्यात तिकिटाच्या जागा नसतात, स्वयंपाकी आणि वाढपी लागतात, पाणी-शिधा भरून घ्यावा लागतो. त्यामुळे अनेक देशांनी ती काढून टाकली आणि नुसता काउंटर ठेवला. माझ्या मते ही काटकसर चुकीची आहे. बसायला टेबल आणि गरम जेवण मिळत असेल, तर माणूस विमान सोडून रेल्वेने जायला तयार होतो; निदान मी तरी होते.

तेव्हा प्राग-बर्लिनचा बेत असेल तर ठेपल्यांचा डबा जरूर न्या, पण तो बॅगेतच राहू द्या. डायनिंग कारमध्ये जागा धरा आणि ऑर्डर डेचिनच्या आधी द्या.