नातवाचे पाकीट

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीला काही दिवस उरले होते. सकाळी निवडणूक विभागाची मंडळी घडियाळी पोळेतील आमच्या घराचा अरुंद जिना चढून वर आली. दोन मतदान अधिकारी, एक पोलीस शिपाई आणि चित्रीकरण करणारा एक तरुण. आमच्या मातोश्री तेव्हा ९१ वर्षांच्या. मांडीचे हाड मोडल्यापासून त्यांना जिना वर्ज्य. ८५ वर्षांवरील मतदारांना घरी मत देण्याची सोय झाल्याने आम्ही ‘१२-ड’ क्रमांकाचा अर्ज वेळेत भरून दिला होता. अधिकाऱ्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला व आम्हां सर्वांना खोलीबाहेर काढले. आईने मतपत्रिकेवर खूण केली, ती लहान पाकिटात बंद झाली आणि ते पाकीट प्रतिज्ञापत्रासह मोठ्या पाकिटात गेले. पंधरा मिनिटांत सारे आटोपले. मंडळी जिना उतरली, तेव्हा आईने विचारले, “आणि बाळचं पाकीट कुठाय?”

बाळ म्हणजे तिचा नातू, आमचे चिरंजीव. बडोदा मेडिकल कॉलेजातून एम.बी.बी.एस. झाल्यावर इंग्लंडला गेला, सध्या लेस्टरला असतो. पासपोर्ट अजून भारताचाच. आईच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर होते, पण ते देताना मीच थोडा अडखळलो. शरीराने थकलेल्या मतदाराच्या दारी मतपत्रिका येते. अंतराने दुरावलेल्याच्या दारी येत नाही.

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी ज्यांच्या घरचा एकही पासपोर्ट परदेशी नांदत नाही, असे घर विरळाच. म्हणून कायदा काय सांगतो ते येथे नमूद करतो. २०१० साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात ‘२०-अ’ हे कलम दाखल झाले आणि फेब्रुवारी २०११ पासून अंमलात आले. नोकरी, शिक्षण वा अन्य कारणाने परदेशी राहणारा, परंतु तेथील नागरिकत्व न घेतलेला भारतीय, पासपोर्टावरील भारतातील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवू शकतो. त्यासाठी ‘६-अ’ हा अर्ज. ज्यांनी परके नागरिकत्व घेऊन ‘ओसीआय’ कार्ड काढले, त्यांना हा हक्क नाही. मात्र नाव लागले तरी मत देण्यासाठी मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः मतदान केंद्रावर उभे राहावे लागते. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर औषधाची चिठ्ठी मिळाली, पण औषधाचे दुकान सात हजार किलोमीटरवर!

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ साली देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदारांची नोंद होती. प्रत्यक्ष येऊन मत दिले ते २,९५८ जणांनी, आणि त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. आपल्या गुजरातेत नोंदलेले ८८५, मत देणारे दोन. ज्या राज्यातील जवळजवळ प्रत्येक गावाचे कोणी ना कोणी समुद्रापार आहे, तेथे दोन!

याच्या उलट दोन प्रसंग ऐका. ४ जुलै २०२४ रोजी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना तेथे वास्तव्य असल्यास मताधिकार आहे, आणि टपालाने मत देण्यास वेगळे कारणही दाखवावे लागत नाही. चिरंजीवांच्या घरी पाकीट आले, त्याने खूण करून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकले. फोनवर म्हणाला, “बाबा, ज्या देशाचा मी नागरिक नाही, तिथं मत दिलं. ज्या देशाचा आहे, तिथं दोन महिन्यांपूर्वी नाही देता आलं.” दुसरा प्रसंग आमच्या पोळेतलाच. अंबामातेच्या मंदिराजवळ एक निवृत्त वैद्यकबंधू राहतात. अनेक वर्षे अमेरिकेत काढून, तेथील नागरिक होऊन, म्हातारपणी परतले. त्यांची मतपत्रिका अमेरिकेतून येते. मतदानापूर्वी किमान ४५ दिवस ती रवाना करावी, असे तेथील कायद्याचे बंधन आहे. घडियाळी पोळेतून अमेरिकेचा अध्यक्ष निवडता येतो. लेस्टरहून बडोद्याचा खासदार निवडता येत नाही.

आपल्याकडे हे अशक्य आहे असेही नाही. सैन्यदलातील मतदारांना २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मतपत्रिका संगणकाद्वारे पाठविली गेली. ती छापून, खूण करून त्यांनी टपालाने परत धाडली. अठरा लाखांवर नोंदणी होती आणि सुमारे ६० टक्के मतपत्रिका परत आल्या. लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टरास जे साधते, ते परदेशी रुग्णालयातील डॉक्टरास साधत नाही. या भेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली याचिका करणाऱ्यांतही एक डॉक्टरच होते: अबुधाबीतील डॉ. शमशीर वायलिल. पुढे प्रतिनिधीमार्फत मत देण्याचे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले, पण राज्यसभेत न जाता २०१९ मध्ये लोकसभेबरोबर विरून गेले. निवडणूक आयोगाने २०२० च्या नोव्हेंबरात टपाली मतपत्रिकेची तयारी सरकारला कळविली. परदेशस्थांसाठी ती अजून सुरू झालेली नाही. आखातातील मजुराचे मत त्याच्या मालकासमोर गुप्त राहील काय, ही शंका घेतली जाते, आणि ती मला पोकळ वाटत नाही. परंतु आईच्या खोलीत पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहू शकतो, तर वकिलातीत का नसावा?

एका मताने काय होते, असे बडोदेकराने तरी म्हणू नये. १९९६ साली सत्यजितसिंह गायकवाड येथून लोकसभेवर निवडून आले ते अवघ्या १७ मतांनी. आमच्या एका पोळेतील परदेशी गेलेली मुले मोजली तर आकडा सहज १७ च्या पुढे जाईल.

आता गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. नोव्हेंबर २०२५ पासून गुजरातेत मतदारयादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली. यादीचे काम पाहणाऱ्या शिक्षिका बहेन छापील अर्ज घेऊन आल्या. २००२ च्या यादीत आईचे व माझे नाव सापडले. चिरंजीवांच्या नावाचाही अर्ज होता, कारण तो गेल्यावर आम्ही कोणी ते नाव कमी केलेच नव्हते. घरातील सज्ञान माणसाने त्याच्या वतीने सही केली तरी चालते, असे त्या म्हणाल्या. पेन हातात घेतले आणि थांबलो. तो येथेच राहतो अशी सही करणे म्हणजे खोटे निवेदन, आणि त्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे. खरे सांगावे तर त्याचे नाव मृत व स्थलांतरित मतदारांच्या याद्यांच्या पंगतीला जाणार.

“साहेब, भाई आता कुठं राहतात?” बहेननी विचारले.

“लेस्टर,” मी म्हणालो. त्यांनी अर्जावर लिहून घेतले. आई पलंगावरून पाहत होती. ती काही बोलली नाही.

त्याच रात्री चिरंजीवांना फोन करून ‘६-अ’ भरावयास सांगितले. त्याने पासपोर्टाची व व्हिसाची पाने जोडून तो जानेवारीत पाठविला. गुजरात विधानसभेची निवडणूक २०२७ च्या अखेरीस अपेक्षित आहे. गेल्या वेळी बडोद्यात ५ डिसेंबरला मतदान होते. डिसेंबरात त्यांच्या रुग्णालयात गर्दी फार असते व रजा मिळणे कठीण, असे तो म्हणतो. तरी विमानाचे भाडे त्याने आताच विचारून ठेवले आहे.