मध्यरात्रीच्या आत गाडी दारात

३१ मार्च २०१४, सोमवार. जपानमधल्या रेल्वे स्थानकांवर पासाच्या खिडक्यांपुढे लांबच लांब रांगा लागल्या होत्या. रात्री बारा वाजता देशाचा उपभोग कर, म्हणजे आपल्या जीएसटीचा तिकडचा भाऊ, ५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर जाणार होता. सहा महिन्यांचा पास आज काढला तर कर ५ टक्के, उद्या काढला तर ८. प्रवास एप्रिलपासून पुढचा असला तरी चालेल, पैसे आज मोजलेले हवेत. म्हणून माणसं ऑफिसातून निघून थेट रांगेत उभी राहिली.

मोटारीच्या शोरूममध्ये मात्र त्या संध्याकाळी धावत जाऊन काहीच हाती लागणार नव्हतं. ज्याला ५ टक्क्यांत नवी गाडी हवी होती त्यानं कित्येक आठवडे, काही मॉडेलांच्या बाबतीत कित्येक महिने आधीच ऑर्डर द्यायला हवी होती. आणि ऑर्डर देऊनही भागत नव्हतं.

हे असं का, याचा शोध घेताना मला जे सापडलं ते करापेक्षा फार मोठं निघालं.

जपानी भाषेत या धावपळीला एक नेमका शब्द आहे: काकेकोमी. धावत जाऊन आत शिरणं. तो चित्रलिपीत लिहिताना पहिल्याच अक्षरात घोड्याचं चिन्ह येतं, इतकी त्यात दौड भरलेली. लोकलचे दरवाजे बंद होताना आपण जी उडी घेतो तीही काकेकोमी. करवाढीच्या आधी होणारी खरेदीही काकेकोमी. आणि कामाकुरा गावातल्या तोकेइजी या जुन्या मठालाही लोक काकेकोमीचं देऊळ म्हणत आले. काकुसान नावाच्या भिक्षुणीनं १२८५ साली तो स्थापला. त्या काळी नवऱ्याचा जाच सोसणाऱ्या बाईला स्वतःहून काडीमोड घेता येत नसे. पण ती पळत येऊन या मठात शिरली आणि ठरलेली वर्षं तिथं राहिली, की तिची सुटका होई. पाठलाग करणारे अगदी जवळ आले असतील तर तिनं पायातली चप्पल दाराच्या आत भिरकावली तरी पुरे, ती आत आली असं धरत, अशी कथा सांगतात.

ही चप्पल माझ्या डोक्यातून जाईना. कारण करवाढीच्या मध्यरात्रीचा सगळा खेळ तिच्यावरच आहे. दार बंद होणार हे सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न एवढाच, की काय आत पडलं म्हणजे तुम्ही आत आलात असं धरायचं?

गाडी घेणं ही एक गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. जवळून पाहिलं तर ती कितीतरी क्षणांची माळ आहे. मॉडेल ठरतं, टोकन रक्कम दिली जाते, करारावर सही होते, कारखान्यात गाडी तयार होते, पैसे पोचतात, नोंदणी होते, नंबर प्लेट लागते, किल्ली हातात येते. आता या माळेच्या मधोमध मध्यरात्र आली तर? अर्धे मणी ५ टक्क्यांच्या बाजूला, अर्धे ८ टक्क्यांच्या. विक्री मात्र एकच आहे, आणि तिला दरही एकच लागायला हवा. म्हणजे या माळेतला कुठला तरी एक मणी कायद्याला निवडावाच लागतो.

जपानच्या कायद्यानं निवडलेला मणी म्हणजे वस्तू ताब्यात देणं. सही डिसेंबरमध्ये केली असेल, पैसे जानेवारीत भरले असतील, पण गाडीची नोंदणी होऊन ती एप्रिलमध्ये मिळाली तर कर ८ टक्के. ऑर्डर ही चप्पल नव्हे. गाडी स्वतः दाराच्या आत यायला हवी.

घर बांधून घेणाऱ्यांना मात्र चप्पल चालली. बांधकामाचा करार ३० सप्टेंबर २०१३ पर्यंत केलेला असेल तर घर पुढे केव्हाही ताब्यात मिळो, दर जुनाच. घर उभं राहायला महिनोन् महिने लागतात, म्हणून त्यांना ही सवलत. रेल्वेच्या पासाला पैसे भरण्याचा क्षण, घराला कराराचा क्षण, मोटारीला ताब्याचा क्षण. एकाच मध्यरात्रीला तीन वेगवेगळी दारं होती.

शिवाय मोटार त्या दारातून आत आणणं सोपं नव्हतं. जपानच्या शहरांत गाडी ठेवायला जागा आहे हे सिद्ध केल्याशिवाय नोंदणीच होत नाही. १९६२ सालच्या कायद्यानुसार पोलिस ठाण्यातून तसा दाखला घ्यावा लागतो. त्यासाठी नकाशा काढायचा: घर इथे, पार्किंग इथे, दोन्हींतलं अंतर सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत. जागेची लांबी-रुंदी मापून लिहायची. जागा भाड्याची असेल तर मालकाचं संमतिपत्र जोडायचं. अर्ज दिल्यावर दाखला हातात यायला काही दिवस जातात, मग नोंदणी कार्यालय, मग नंबर प्लेट. त्यातून मार्च हा जपानी आर्थिक वर्षाचा शेवटचा महिना. विक्रीचे आकडे गाठण्यासाठी तो एरवीही घाईचाच असतो. म्हणजे ३१ मार्चच्या आत गाडी हवी असेल तर पार्किंगचा नकाशासुद्धा घड्याळाकडे बघत काढायचा.

एवढी धावपळ करून वाचायचं किती? इथे मला आणखी एक आश्चर्य भेटलं. कागद-पेन्सिल घेऊन बसू. गाडीची किंमत २० लाख येन धरा. ५ टक्क्यांनी कर १ लाख, ८ टक्क्यांनी १ लाख ६० हजार. फरक ६० हजार येनांचा. पण त्याच १ एप्रिलला दुसरा एक कर खाली येत होता. नवी गाडी घेताना भरायचा ‘संपादन कर’ खासगी मोटारींसाठी ५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला. तो साधारण किमतीच्या ९० टक्के रकमेवर लागत असे, म्हणजे १८ लाख येनांवर. पूर्वी ९० हजार, आता ५४ हजार. इथे ३६ हजार येन वाचले. एका हातानं ६० हजार गेले, दुसऱ्या हातानं ३६ हजार परत आले, आणि खरी वाढ उरली २४ हजारांची.

गंमत पुढेच आहे. कमी इंधन खाणाऱ्या कित्येक गाड्यांना संपादन कर आधीपासूनच पूर्ण माफ होता. ज्यावर काही भरावंच लागत नव्हतं त्यात कपात तरी काय मिळणार? त्या गाड्यांच्या गिऱ्हाइकाला पुरे ६० हजार जास्त मोजावे लागणार होते. म्हणजे घाई करण्याचं सर्वांत सबळ कारण त्यांच्याकडेच होतं, आणि साधी पेट्रोल गाडी घेणारा थोडा निवांत बसला असता तरी त्याचं फार बिघडलं नसतं. शोरूममध्ये शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांना एकच मध्यरात्र वेगवेगळी महाग पडत होती.

तरीही लाट आली. मार्च २०१४ मध्ये जपानमध्ये साडेसात लाखांहून जास्त नव्या गाड्या विकल्या गेल्या, आणि एप्रिलमध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी. मार्च नेहमीच मोठा असतो, हे खरं. पण आदल्या वर्षीच्या मार्चशी तुलना केली तरी विक्री चांगलीच वर होती, आणि एप्रिल आदल्या एप्रिलपेक्षा खाली.

ही लाट म्हणजे काय, हे समजलं की डोळे उघडतात. या माणसांना अचानक जास्त गाड्या हव्याशा वाटल्या नव्हत्या. मे महिन्यात ज्या गाड्या घ्यायच्या होत्या त्या त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतल्या. मागणी जन्माला आली नव्हती, तिनं फक्त तारीख बदलली होती. टोफूच्या बाबतीत हे जमत नाही. पुढच्या वर्षभराचा टोफू आज आणला तर तो नासेल. केस कापून घेणं तर साठवताच येत नाही. पण मोटार दहा वर्षं टिकते. दहा वर्षांच्या वस्तूला दोन महिने अलीकडे ओढलं तर तिला काही होत नाही. वस्तू जितकी टिकाऊ, तितकी तिची खरेदी काळात मागे-पुढे सरकवणं सोपं. म्हणून करवाढीची लाट सर्वांत उंच उठते ती मोटारी, फ्रिज, दागिने यांच्यात.

आणि ही लाट येऊन आदळते कुठे? तर ज्या देशानं एकसारख्या चालीनं काम करणं ही कारखान्याची विद्या बनवली, नेमकी तिथे. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीत ‘हेइजुन्का’ नावाचं तत्त्व आहे: उत्पादन समतल ठेवायचं, आज शंभर तर उद्याही शंभरच्या आसपास. सुटे भाग लागतील तेव्हाच आणि लागतील तेवढेच येतात. अशा कारखान्याला महिनाभर दुप्पट धाव आणि पुढच्या महिन्यात निम्मी चाल, हे फार जड जातं. तिकडे गिऱ्हाइकाला मात्र ३१ मार्चच्या आतच गाडी हवी. मग ज्या मॉडेलला वेटिंग जास्त त्यावर पाणी सोडून माणसं यार्डात तयार उभी असलेली गाडी घेतात. रंग मनातला नसेल, पण तारीख मनातली मिळते.

मोटारींपासून रोजच्या वापरातल्या सामानापर्यंत अशा अनेक लाटा एकत्र झाल्या, आणि त्या ओसरल्यावर एप्रिल ते जून २०१४ या तिमाहीत जपानची अर्थव्यवस्था वार्षिक हिशेबानं सुमारे ७ टक्क्यांच्या वेगानं आकसली. पुढची वाढ ऑक्टोबर २०१५ मध्ये ठरलेली होती. पंतप्रधान शिंझो आबे यांनी ती आधी एप्रिल २०१७ वर आणि नंतर ऑक्टोबर २०१९ वर ढकलली. घाईघाईनं केलेल्या खरेदीनं रिकामा झालेला तो उन्हाळा देशाची करवाढ चार वर्षं पुढे ढकलण्याचं एक कारण ठरला.

१ ऑक्टोबर २०१९ ला दर १० टक्के झाला तेव्हा सरकार ही लाट ओळखून होतं. या वेळी थांबणाऱ्यालाही काहीतरी मिळेल अशी सोय केली. संपादन कर रद्द झाला. त्याच्या जागी गाडी किती इंधन वाचवते हे पाहून लावायचा कर आला, आणि त्यातही सुरुवातीला एक टक्क्याची सूट दिली. शिवाय १ ऑक्टोबरपासून नोंदलेल्या नव्या गाड्यांचा दरवर्षीचा मोटार कर कायमचा कमी केला. १००० सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला २९,५०० येनांऐवजी २५,०००. दाराच्या आत धावायची घाई कमी व्हावी म्हणून दाराबाहेरही सावली केली. घाई झालीच, पण थांबावं की धावावं याचं उत्तर आता प्रत्येक गाडीगणिक निराळं येऊ लागलं.

हे वाचताना मला आपला २०२५ चा पावसाळा आठवला. तेव्हा सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असल्याची घोषणा झाली. २७ ऑगस्टला गणेशचतुर्थी आली, महाराष्ट्रात गाडी घरी आणण्याचा हक्काचा मुहूर्त. पण ‘जरा थांबू या’ हे वाक्य तोवर घरोघरी शिरलं होतं. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेनं निर्णय घेतला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर सेस धरून २९ टक्के कर होता, तो १८ वर आला. करापूर्वी ६ लाखांच्या गाडीवर ६६ हजार रुपयांचा फरक. मग पितृपक्ष लागला, आणि नवा दर सुरू झाला तो २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी. जपानमध्ये माणसं दार बंद व्हायच्या आत धावली होती, आपल्याकडे ती दार उघडायची वाट बघत अंगणात थांबली.

आपल्या कायद्यानं चप्पल कशाला मानलं आहे, तेही पाहून घेतलं. जीएसटी कायद्याचं कलम १४ दर बदलण्याच्या वेळेसाठीच लिहिलेलं आहे. त्याची मूळ मांडणी तीन क्षण पाहते: पुरवठा कधी झाला, बिल कधी झालं, पैसे कधी आले. तिन्हींपैकी दोन ज्या बाजूला, दर त्या बाजूचा. जपाननं माळेतला एक मणी निवडला, तर आपण तीन मण्यांची पंचायत बसवून बहुमत घेतलं. एकाच कोड्याची ही दोन उत्तरं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा कायद्याच्या रुक्ष कलमांमागे केवढा विचार बसलेला असतो, हे मला पहिल्यांदा जाणवलं.

गाडी नेमकी कधी आपली होते? आमच्याकडे याला वेगळं उत्तर आहे. सही, बिल, पासिंग सगळं झालेलं असतं, पण गाडी दारात येते, आई औक्षण करते, बॉनेटला हार पडतो, नारळ फुटतो आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ‘फच्’ आवाज करतं, तेव्हा कोणीतरी म्हणतं, ‘चला, गाडी आली!’ घराला तो क्षण पुरतो. राज्याला मात्र कोट्यवधी घरांसाठी एकच क्षण ठरवावा लागतो, तारखेसह लिहून ठेवावा लागतो. आणि तो ठरला, की कुणी पार्किंगची लांबी मोजू लागतं, कुणी नको त्या रंगाच्या गाडीवर सही करतं, कुणी पासाच्या रांगेत उभं राहतं. सगळ्यांचा हिशेब एकच: दार बंद व्हायच्या आत आपली चप्पल आत पडली पाहिजे.