देवीचा कौल आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट

चैत्र लागला की खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेले भाविक नाशिक जिल्ह्याच्या रस्त्यांवर दिसू लागतात. मनमाडला तर देवाच्या वाटेवरची माणसे बाराही महिने भेटतात. शिर्डीला जाणारे इथे उतरतात, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला जाणारे इथून मराठवाड्याच्या गाडीत बसतात, आणि चांदवडची रेणुकामाता गाडीने तासाभराच्या आत आहे. या प्रवाशांच्या सामानात नारळ असतो, ओटीचा खण असतो. कधी कधी त्याच पिशवीच्या तळाशी सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि रक्ताच्या तपासण्यांचे कागदही घडी घालून ठेवलेले असतात. देवीपुढे हात जोडताना मनात असलेला प्रश्न त्या कागदांवरचाच असतो: ऑपरेशन करू की नको?

हाच प्रश्न घेऊन घरातली तरुण मंडळी आता मोबाइल उघडतात. तिथे देवींचे पत्ते असतात. लक्ष्मी, काली, ग्रीकांची अथेना, इजिप्तची इसिस, चीनमधली क्वान यिन अशा देशोदेशींच्या देवींची चित्रे असलेला हा संच पिसायचा, मनात प्रश्न धरायचा, एक पत्ता काढायचा आणि त्यावरचा संदेश वाचायचा. इंग्रजीत यांना ओरॅकल कार्ड म्हणतात. टॅरोच्या संचात ठरलेले ७८ पत्ते असतात, इथे मात्र किती पत्ते ठेवायचे हे काढणाऱ्याच्या मर्जीवर. ‘एक पत्ता निवडा, देवी तुम्हाला काय सांगते ते पाहा’ असे व्हिडिओ पाहायला तर संचही विकत घ्यावा लागत नाही.

आजी देवळात कौल मागते आणि नात पत्ता काढते. दोघी एकच गोष्ट करत असतात, हे दोघींनाही सहसा पटत नाही.

महाराष्ट्रात देवीला प्रश्न विचारण्याचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण बहुधा तुळजापूर. तुळजाभवानीच्या मंदिराच्या आवारात चिंतामणी नावाचा एक गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि प्रश्न मनात आणायचा. दगड उजवीकडे वळला तर काम होणार, डावीकडे वळला तर होणार नाही, आणि जागचा हलला नाही तर विलंब लागणार, अशी श्रद्धा आहे. शिवाजी महाराज मोहिमेपूर्वी या दगडाला कौल विचारत, अशी आख्यायिकाही सांगतात. ज्यांनी हात ठेवले आहेत ते शपथेवर सांगतात, ‘आम्ही जोर लावला नव्हता, दगड आपोआप फिरला.’

ते खोटे बोलत नसतात. हाताखालची वस्तू आपोआप फिरते, हा अनुभव जगभर लाखो लोकांनी घेतला आहे आणि त्याचे कारण शोधण्याचा मान मायकेल फॅरडे यांच्याकडे जातो. विजेच्या अभ्यासासाठी आपण ज्यांना ओळखतो, तेच फॅरडे. १८५३ साली युरोपात ‘टेबल फिरवण्याचे’ वेड आले होते. चार-सहा जण टेबलाभोवती बसून त्यावर हात ठेवत आणि टेबल सरकू लागे. कोणी म्हणे मृतात्मे येतात, कोणी म्हणे वीज आहे. फॅरडेंनी पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवून मऊ चिकट पदार्थाच्या गोळ्यांनी हलकेच जोडले, ती चळत टेबलावर ठेवली आणि लोकांना त्यावर हात ठेवायला सांगितले. टेबल हातांना ओढत असेल, तर खालचा तुकडा आधी सरकला पाहिजे. प्रत्यक्षात वरचे तुकडे जास्त सरकलेले आढळले. म्हणजे हात टेबलाला ढकलत होते. मग त्यांनी एक हलकी काडी अशी बसवली की हात किंचित जरी कलला तरी ती झुकावी. ही काडी बसणाऱ्यांना दिसू लागली आणि टेबल फिरायचे थांबले. आपण ढकलतो आहोत हे कळताच ढकलणे बंद झाले.

याच्या वीस वर्षे आधी, १८३३ मध्ये, फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी दोऱ्याला बांधलेल्या लोलकावर असाच प्रयोग केला होता. हातात धरलेला लोलक झुलायचा, आणि डोळे बांधले की मंद होत थांबायचा. हे घरीही करून पाहता येते. अंगठी दोऱ्याला बांधा, कागदावर फुलीचे चिन्ह काढा, कोपर टेबलावर टेकवून अंगठी त्या फुलीवर धरा. हात मुद्दाम हलवू नका. फक्त ‘आडवी झुलेल, आडवी झुलेल’ असा विचार करा. बहुतेकांची अंगठी मिनिटभरात आडवी झुलू लागते. विल्यम कार्पेंटर या इंग्रज डॉक्टरांनी १८५२ मध्ये या क्रियेला ‘आयडिओमोटर’ म्हणजे कल्पनेतून घडणारी हालचाल असे नाव दिले. एखाद्या हालचालीची कल्पना मनात आली, तरी स्नायूंना बारीकसा इशारा जातो. तो इतका सूक्ष्म असतो की करणाऱ्यालाही जाणवत नाही. गोल, गुळगुळीत, सहज फिरणाऱ्या वस्तूवर हात असतील, तर तेवढा इशारा पुरतो.

आता प्रश्न उरतो की उत्तर कोणाचे. ज्याचा हात, त्याचे. शस्त्रक्रियेची धास्ती घेतलेल्या माणसाचा हात नकाराकडे कलतो, आणि दुखण्याला कंटाळलेल्याचा होकाराकडे. कौल म्हणजे मनाचा कल, आणि तो काही कमी मोलाचा नाही. पण पित्ताशयात खडा किती मोठा आहे, नळीत सरकला आहे का, हे हाताला ठाऊक नसते, म्हणून ते हात दगडालाही सांगू शकत नाहीत.

पत्त्यांचे गणित वेगळे आहे. पिसलेल्या संचातून पत्ता येतो तो निव्वळ योगायोगाने. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात इटलीत खेळण्यासाठी तयार झाले. त्यांवरून भविष्य सांगायची पद्धत अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजली, आणि आज जगभर दिसणारी टॅरोची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढून १९०९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. देवींचे पत्ते ही त्याच कुळातली अलीकडची पिढी. मग योगायोगाने आलेला पत्ता ‘अगदी माझ्याबद्दलच’ कसा बोलतो?

याचे उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आहे. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याचे ‘स्वतंत्र’ वर्णन दिले. ते किती जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. वास्तविक सर्वांना एकच मजकूर दिला होता आणि तो रस्त्यावर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. ‘तुमच्यात बरीच क्षमता आहे, ती अजून वापरली गेलेली नाही’ या धाटणीचे वाक्य कोणाला जुळणार नाही? जुळणारे आपण लक्षात ठेवतो, न जुळणारे विसरतो.

आपल्याकडेही अशी परीक्षा झालेली आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात ज्योतिषांना मुलांच्या पत्रिका दिल्या. मूल हुशार आहे की मतिमंद, एवढेच ओळखायचे होते. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवून साधारण ५० टक्के आली असती. हा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

डॉक्टरांना यात काळजी वाटावी ती एका वेगळ्याच गोष्टीची. देवळातला कौल निदान ‘नाही’ म्हणू शकतो. देवींचे पत्ते बहुतेक धीरच देतात. विश्वास ठेव, घाई करू नकोस, योग्य वेळ येईल, तुझ्या शरीराला उत्तर माहीत आहे. परीक्षेची भीती वाटणाऱ्या मुलीला हे शब्द बरे वाटतील. पण स्तनात न दुखणारी गाठ लागलेल्या बाईने ‘योग्य वेळ येईल’ हा पत्ता काढला तर? तिला आधीच वाट पाहायची असते. गाठ दुखत नाही, घरात लग्न आहे, नाशिकला जायचे तर दिवस मोडतो. आता या सगळ्या कारणांवर देवीची सही होते. ही सही मोडून काढणे सरकारी रुग्णालयातल्या दहा मिनिटांच्या ओपीडीत फार अवघड असते.

तरीही कौलाची थट्टा करणे चुकीचे आहे. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा दरवर्षी कोणत्या दिवशी भरवायची, हे देवीच्या कौलाने ठरते. लाखोंची गर्दी त्या तारखेची वाट पाहते आणि तारीख कोणी ठरवली यावरून भांडण होत नाही. कोकणात आणि गोव्यात मूर्तीला ओल्या पाकळ्या लावून कोणत्या बाजूची आधी पडते हे पाहतात, त्यातही हीच सोय आहे. दोन्ही पर्याय सारखेच चालण्याजोगे असतील, माहिती गोळा करून काही जास्त कळणार नसेल, आणि निर्णयाचे ओझे एकट्याच्या डोक्यावर यायला नको असेल, तेव्हा कौल हे शहाणपणाचे साधन आहे.

आजारपणातही असे प्रश्न असतात. समजा, मनमाडच्या एका घरात साठीच्या आजीला जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दोनदा जोरात दुखले आणि तपासणीत पित्ताशयात खडे निघाले. खडे असून कधीच त्रास नसेल, तर सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. वारंवार दुखू लागले तर करावी असा सल्ला देतात, पण बहुधा दिवस ठरवून. मुलगा म्हणतो लगेच करू, सून म्हणते आयुर्वेदिक बघू, आजी गप्प. तिने देवीला विचारले आणि ‘नको’ असा कौल आला. इथे वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांनी एकच गोष्ट विचारावी, ‘आजी, कौल नको आला तेव्हा बरं वाटलं का?’ बरं वाटलं असेल, तर का, ते पुढे निघते. शेजारची कोणी भूल दिल्यावर उठलीच नव्हती. किंवा पैशाचा भार मुलावर नको. किंवा रुग्णालयात आपल्याजवळ रात्री कोण थांबणार, हा प्रश्न. यातल्या प्रत्येकावर बोलता येते, भूलतज्ज्ञाची भेट घालून देता येते, सरकारी योजनेतून खर्च बसतो का पाहता येते. सून-मुलापुढे ‘मला भीती वाटते’ असे म्हणायची सवय नसलेल्या बाईला ‘देवी नको म्हणते’ हे वाक्य उपयोगी पडते, हेही समजून घ्यायला हवे.

पत्ता काढणाऱ्या नातीसाठीही हीच खूण आहे. पत्ता मनाविरुद्ध आला म्हणून ‘नीट पिसले नव्हते’ असे म्हणत दुसरा काढला, तर तिचा निर्णय झालेला आहे.

काही प्रसंगांत मात्र कौलाला जागाच नाही. तोंड एका बाजूला वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम फुटला, तर १०८ ला फोन आधी. पित्ताशयाच्या त्याच आजीला दुखण्याबरोबर थंडी-ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर दिवस ठरवण्याची गोष्ट संपली, तिला त्याच दिवशी न्यावे. हर्नियाची गाठ आत जाईनाशी होऊन दुखू लागली, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेले, मधुमेह असताना पायाला जखम झाली, यांतही थांबण्यात तोटाच आहे. कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस. साप चावला तर सरळ रुग्णालय. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आणखी एका गोष्टीकडे घरच्यांचे लक्ष हवे. दिवसाला दहा-वीस वेळा पत्ते काढणे, प्रत्येक वेळी थोडा वेळ शांत वाटून पुन्हा धास्ती दाटणे, हे चिंतेच्या आजाराचे लक्षण असू शकते. खात्री करून घेण्याची ही सवय धास्ती वाढवत नेते. झोप उडाली, देवीचा आवाज प्रत्यक्ष ऐकू येऊन हुकूम देऊ लागला, माणूस खाणेपिणे सोडून बसला, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. जवळ कोणी नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही.

ठरवून करायच्या शस्त्रक्रियेची तारीख थोडी मागेपुढे करता येते, हे पुष्कळांना माहीत नसते. अमावास्या नको, घटस्थापनेपासूनचे नऊ दिवस नकोत, पौर्णिमेनंतरची तारीख द्या, असे खुशाल सांगावे. त्याच वेळी नवरात्राचा उपवास धरणार आहात का आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे का, हेही सांगावे. उपवासाच्या दिवसांत डोस बदलावा लागतो.