सवलत कुणाला आणि कर कुणाला?

टाळेबंदीच्या काळात छोट्या धंद्यांना करसवलती दिल्याचा मोठा डांगोरा पिटला गेला. त्या सवलती पुण्याच्या फुटपाथपर्यंत पोचल्या काय, एवढाच आमचा सवाल आहे.

24 मार्च 2020 रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी जीएसटीची विवरणपत्रे भरायला मुदतवाढ दिली. 5 कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना व्याज, विलंब शुल्क, दंड माफ झाला. मे महिन्यात 3 लाख कोटींची हमी कर्जे जाहीर झाली. पण ती आधीपासून कर्ज असलेल्यांनाच, शिल्लक कर्जाच्या 20 टक्क्यांपर्यंत. आता पुणे स्टेशनजवळ रापी-आरी घेऊन बसणारा आमचा चर्मकार बांधव घ्या, किंवा मंगळवार पेठेत बुधवार-रविवारी जुन्या बाजारात पथारी मांडणारी मावशी घ्या. जो विवरणपत्रच भरत नाही, त्याला मुदतवाढ काय कामाची? ज्याला बँकेने कधी दारात उभे केले नाही, त्याला 20 टक्के कशाचे? जूनमध्ये पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना आली, तीही 10 हजारांच्या कर्जाची. 14 ते 23 जुलै पुणे पुन्हा कडेकोट बंद होते. बंद धंद्यावर कर्ज काढून हप्ता कुठून भरायचा होता?

"हे लोक कर भरतातच कुठे?" असे पांढरपेशे विचारतात. भरतात, आणि मुकाट्याने भरतात! माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण तो चामडे, सोल, सोल्यूशन, दोरा विकत घेतो, त्या किमतीत कर असतोच. नोंदणीकृत कारखानदार खरेदीवरचा कर वजा करून घेतो. फुटपाथवरच्याला तो परत मिळत नाही. नफा झाला काय, तोटा झाला काय, कर गेला तो गेलाच.

बाबासाहेबांनी 1927 साली मुंबई कायदेमंडळातील अर्थसंकल्पावरील भाषणात नेमके यावर बोट ठेवले होते. प्राप्तिकराला किमान मर्यादा आहे, मिळकत नसेल तर कर नाही. शेतसारा मात्र एक एकरवाल्यालाही चुकत नाही, हा अन्याय त्यांनी मांडला. शेतसाऱ्याच्या जागी आज जीएसटी आहे.

आणि भार कुणावर टाकायचा, हेही राज्यकर्ते ओळखून असतात. 1 जानेवारी 2022 पासून कापड आणि स्वस्त पादत्राणे, दोन्हींवर करवाढ ठरली होती. 31 डिसेंबरला कापडाची वाढ थांबवली गेली. हजाराच्या आतल्या चपलेवरचा कर मात्र 5 वरून 12 टक्के झालाच. जुलैत तयार चामडेही 12 टक्क्यांत गेले. चपलेचा दर 5 वर यायला 22 सप्टेंबर 2025 उजाडावा लागला. चप्पल कोण शिवतो आणि कोण घालतो, हे वाचकांना सांगायला नको.

उलट, सप्टेंबर 2019 मध्ये कंपनी कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणताना 1 लाख 45 हजार कोटींवर पाणी सोडायला सरकार कचरले नव्हते. जर्मनीने 2020 मध्ये मूल्यवर्धित कर सहा महिने 19 वरून 16 टक्के केला आणि पाच कामगारांपर्यंतच्या धंद्यांना 9 हजार युरोपर्यंत मदत दिली, तीही कर्ज म्हणून नव्हे. आपल्याकडे एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत फेरीवाल्यांना प्रत्येकी 1,500 रुपये जाहीर केले. रक्कम तुटपुंजी, पण रस्ता बरोबर. नोंदणी नसलेले मात्र त्यातूनही वगळले गेले.

म्हणून आमची मागणी अशी: 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे पुणे महापालिकेने एकूण एक विक्रेत्याची नोंद पुरी करावी. सरकारी हुकमाने धंदा बंद राहील तितक्या दिवसांचे शुल्क व गाळाभाडे आकारू नये, थकबाकीवर शास्ती लावू नये. आणि कच्च्या मालावर गेलेल्या कराचा ठोक परतावा शासनाने थेट त्याच्या खात्यावर जमा करावा.