चुंबक न ओढणारा दगड

तुम्हाला दगडांतलं थोडंफार कळतं, ही बातमी तळेगावात एकदा फुटली की रविवारची दुपार तुमची राहत नाही. रुमालात, पिशवीत, एकदा तर पेढ्यांच्या डब्यात घालून लोक दगड आणतात. "आकाशातून पडलाय. बघा, चुंबक चिकटतो." चुंबकही सोबतच, बहुधा जुन्या स्पीकरमधून काढलेला.

इथंच घोळ होतो. मावळचा काळा कातळ म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात, चुंबक थोडाफार ओढला जाणारच. उलट आमच्यासारखे ज्याच्यासाठी जीव टाकतात, त्या युक्राइट जातीच्या अशनीत धातुरूप लोखंड जवळपास नसतंच. तोही थिजलेला लाव्हाच, पण वेस्टा या लघुग्रहावरचा आणि 450 कोटींहून अधिक वर्षं जुना.

जेमतेम सव्वापाचशे किलोमीटर व्यासाचा गोळा वितळला तरी कशानं? उत्तराचा धागा मिळाला राजस्थानात. 20 जून 1996 रोजी पिपलिया कलान इथं युक्राइट पडला, एकूण 42 किलो. त्यात अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांना ॲल्युमिनियम-26 च्या खुणा सापडल्या. या किरणोत्सारी समस्थानिकाच्या ऱ्हासातली उष्णता लघुग्रह वितळवू शकते. 1999 साली 'सायन्स'मध्ये निबंध आला.

महाराष्ट्राच्या वाट्यालाही वेस्टाचा म्हणतात असा एक तुकडा आलाय. 1843 मध्ये खान्देशात मानेगावला पडलेला. तो डायोजेनाइट, म्हणजे लाव्हा नव्हे. कवचाच्या आत खोलवर सावकाश निवलेला. आज जपून ठेवलेला माल मूठभरही नाही.

आता तो पेढ्यांचा डबा. झाकण उघडलं आणि माझा हात थबकला. ओल्या डांबरासारखं चकचकीत काळं कवच, युक्राइटला असतं तसंच. चुंबक लावला, ढिम्म! घशाला कोरड पडली. मग गृहस्थांना विचारून कानस घेतली आणि एक कोपरा हलकेच घासला. राखाडी दाण्यांऐवजी आत हिरवट, आरपार उजेड.

"घरी कोणी काचेच्या कामात होतं का?"

"आजोबा. पैसाफंडाच्या कारखान्यात, भट्टीवर."

तळेगावचा तो काचकारखाना 1908 चा. मी खजील होऊन डबा पुढं सरकवला. गृहस्थ मात्र तुकडा उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तो पुन्हा कागदात नीट गुंडाळला, आणल्यापेक्षा जास्त जपून.