सणाचा दिवस आणि आंघोळीचे पाणी : यहुदी शरीअत काय सांगते?

रमजानमध्ये दुपारचे ऊन चढले की घराघरात एक प्रश्न हमखास निघतो. "अम्मी, रोज्यात आंघोळ केली तर चालते का?" अम्मी सांगते, "चालते. पण पाणी घशात जाऊ देऊ नकोस, वुजू करताना नाकात जोराने ओढू नकोस." प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रोज्यात असताना उष्म्यामुळे किंवा तहानेमुळे डोक्यावर पाणी घेतल्याची नोंद अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे.

हजरत मूसा (अ.) यांची शरीअत मानणाऱ्या यहुदी घरांतही सणासुदीला असेच प्रश्न विचारले जातात. उत्तरे मात्र वेगळी मिळतात. ती नुसती ऐकली तर कुणालाही वाटेल, "सणाच्या दिवशी आंघोळ नाही? ही कसली स्वच्छता!" म्हणून त्यामागचा विचार समजून घेऊ या.

उपवासाचा दिवस

यहुद्यांचा सर्वात मोठा उपवास म्हणजे योम किप्पूर, क्षमायाचनेचा दिवस. आपल्या आशुराप्रमाणे हाही महिन्याचा दहावा दिवस. महिना मात्र त्यांचा तिश्री. उपवास सुमारे पंचवीस तास चालतो. या दिवशी जिवाला कष्ट द्या, असा तौरातचा हुकूम आहे. हे कष्ट कोणते, ते इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात सांगितले आहे : खाणेपिणे, अंग धुणे, तेल लावणे, चामड्याचे जोडे घालणे आणि पतिपत्नीचा सहवास, हे सर्व वर्ज्य.

पण 'धुणे' म्हणजे काय? मनाई आहे ती सुखासाठी धुण्याला, मळ काढण्याला नाही. हाताला चिखल किंवा घाण लागली तर तेवढा भाग धुवायचा. सकाळी उठल्यावर फक्त बोटे मुळापर्यंत धुवायची. आजाऱ्याने गरजेप्रमाणे पाणी वापरावे. बाळाला भाकरीचा तुकडा भरवण्यासाठी आईने आपला हात धुवावा, असे तालमूद या ग्रंथात आहे. नव्या नवरीला तोंड धुण्याची सूट आहे. राजालाही आहे. एवढ्या कडक दिवशीसुद्धा बाळाची भूक आणि नवरीचे मन कायद्याने विचारात घेतले आहे.

शब्बाथ आणि गरम पाणी

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ. या काळात आग पेटवायची नाही, म्हणून पाणीही तापवायचे नाही. मग शुक्रवारीच तापवून ठेवलेल्या पाण्याने आंघोळ केली तर? तालमूदमध्ये याची मजेशीर हकीकत आहे.

पूर्वी अशी आंघोळ चालत असे. पण हमामवाले शब्बाथलाच पाणी तापवू लागले आणि "हे कालचेच आहे" असे सांगू लागले. तेव्हा रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, गरम पाण्याची आंघोळ बंद केली आणि हमामात बसून घाम काढण्यापुरती मुभा ठेवली. लोक आंघोळ करून म्हणू लागले, "आम्ही फक्त घाम काढला." मग तेही बंद झाले. तिबेरिया गावच्या नैसर्गिक गरम झऱ्यांना परवानगी राहिली, तर लोक घरी तापवलेल्या पाण्याने नाहून झऱ्याचे नाव सांगू लागले. शेवटी झरेही बंद करून फक्त थंड पाणी उरले. पण लोकांना हे झेपत नाही, असे रब्बींना दिसून आले आणि त्यांनी झऱ्यांची परवानगी परत दिली.

पळवाटा बंद करणारे हेच रब्बी लोकांची दमछाक पाहून एक पाऊल मागेही आले. तोंड, हात आणि पाय शुक्रवारी तापवलेल्या पाण्याने धुण्यास हरकत नाही. केस पिळायचे मात्र नाहीत, कारण शब्बाथला पिळणे हे काम मानले जाते.

आनंदाचे सण

पेसाह किंवा सुक्कोथसारख्या सणांच्या मुख्य दिवशी स्वयंपाकाला मुभा आहे. आधीच पेटलेल्या चुलीवर हातपाय धुण्यापुरते पाणी तापवता येते. कारण सणाच्या दिवशी जे सर्वांच्या गरजेचे, तेवढेच करायचे. जुन्या काळी रोज पूर्ण आंघोळ करण्याची सर्वांना सवय नव्हती, म्हणून तिच्यासाठी पाणी तापवू दिले नाही. आज रोजची आंघोळ ही सर्वांचीच गरज झाली आहे, मग नियम तोच राहावा का, यावर त्यांच्या विद्वानांत चर्चा चालते.

या सणांच्या मधल्या दिवसांत केस कापणे आणि कपडे धुणे मना आहे. कारण ऐकण्यासारखे आहे : लोकांनी ही कामे सणावर ढकलू नयेत, आधीच स्वच्छ होऊन सणात यावे! आपणही जुम्याला आणि ईदला गुस्ल करूनच नमाजला जातो. शिवाय परदेशातून आलेल्याला, कैदेतून सुटलेल्याला या मनाईतून सूट आहे. बिचाऱ्याला आधी वेळ कुठे मिळाला होता?

कोकणातले शेजारी

हे सारे आपल्याला अगदी परके नाही. रायगड जिल्ह्यात मराठी बोलणारे बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. योम किप्पूरला त्यांचे नाव होते 'दारफाळणीचा सण', म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. त्या दिवशी ते पांढरे कपडे घालून घरातच राहत.

पाणी नसेल तर आपण तयम्मुम करतो. प्रार्थनेपूर्वी हात धुवायला पाणी न मिळाल्यास मातीने पुसावेत, असे तालमूदही सांगतो. दोन्ही शरीअतींचे तपशील वेगळे आहेत आणि आपल्याला आपल्याच शरीअतीवर चालायचे आहे. पण शेजाऱ्याची रीत विचित्र वाटली तर नाक मुरडण्याआधी तिचे कारण विचारावे. सूरह माइदामध्ये तयम्मुमची मुभा देताना अल्लाहने स्पष्ट केले आहे की, त्याला बंद्यांवर अडचण लादायची नाही, त्यांना पाक करायचे आहे. शेजाऱ्याच्या घरी दाराआड उपवास चालू असेल, तर तोही आपल्या परीने पाक होण्याचाच प्रयत्न करत असतो.