एका खुर्चीला किती माणसं?

एक गणित घालू? सीटी स्कॅनच्या मशीनसमोर एक खुर्ची आहे. ती चोवीस तास, वर्षभर भरलेली हवी. किती टेक्निशियन लागतील? तीन शिफ्ट, म्हणून तीन, असंच म्हणालात ना? डोंट वरी, एमबीए करून हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा मीही हेच म्हणाले होते.

वर्षाच्या शिफ्ट होतात १०९५. एका माणसाच्या ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० रजा, १० सणवार वजा करा. उरले २७३ दिवस. करा भागाकार. चार! आणि यात अजून कुणी आजारी पडलेलं नाही, कुणाचं लग्न नाही, कुणाला दुबईची ऑफर नाही.

माझ्याकडे होते तिघं. बाकी सगळं डबल ड्युटीवर. छातीवरचा बॅज रेडिएशन मोजतो हो, जागरण नाही मोजत.

त्यातून मी जास्तच शहाणी. रात्री सरासरी सहा केसेस, आठ तासांत सहा! मग सीटी आणि आयसीयूचे पोर्टेबल एक्स-रे एकाच माणसाकडे. एक्सेल शीट एकदम झकास दिसत होती. मीटिंगमध्ये कौतुकही झालं.

पण पेशंट काही सरासरीने येत नाहीत.

एका रात्री पावणेतीनला आमचे सिनियर टेक्निशियन काका आयसीयूत, चौथ्या मजल्यावर होते. तेवढ्यात कॅज्युअल्टीत लकव्याचा पेशंट आला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, पण मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे सीटीत बघितल्याशिवाय देता येत नाही. अशा झटक्यात दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. आमचा पेशंट बंद दारासमोर पंचवीस मिनिटं पडून होता.

इंजेक्शन वेळेत बसलं. उजव्या हातात मात्र पूर्ण ताकद आली नाही. त्यात माझ्या पंचवीस मिनिटांचा वाटा किती, हे मला कोणीच सांगू शकत नाही.

सकाळी काका एवढंच म्हणाले, ‘‘मॅडम, तुमची शीट बरोबर आहे. फक्त त्यात लिफ्टची वाट बघणं नाही.’’

मग मी तीन महिन्यांचं रजिस्टर घेऊन बसले. किती केसेस हे सोडून दिलं. एकाच अर्ध्या तासात दोन कॉल कितीदा आले, ते मोजलं. जवळजवळ दर दुसऱ्या रात्री! म्हणजे रात्रीला दुसरी खुर्ची हवी. पण तिलाही सव्वा माणसाहून जास्त लागतं, आणि सव्वा माणूस एचआरच्या फॉर्ममध्ये बसत नाही.

‘‘दुसरा माणूस नुसता बसून राहील, त्याचा पगार कशाला?’’ असं मला विचारलं गेलं. फायरब्रिगेडला विचारता का हो असं, मी (मनातल्या मनात) म्हटलं. मोठ्याने रजिस्टर वाचून दाखवलं.

दोन पोस्ट मागितल्या होत्या, एक मिळाली. येत्या रविवारी रात्री काकांचा ऑफ आहे. रोस्टरमध्ये त्यांच्या नावासमोरचा रकाना अजून रिकामाच आहे.